विद्यापीठ ग्रंथालयातील बहुमाध्यम निर्मिती सेवा : कार्यपद्धती आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महाविद्यालयीन अध्यापन पाहता पाहता वर्गखोलीतून मोबाइलच्या पडद्यावर आले. तोपर्यंत कॅमेऱ्यासमोर कधीही उभ्या न राहिलेल्या अध्यापकांनी पुस्तकांच्या थप्पीला फोन टेकवून व्याख्याने चित्रित केली, पंखा बंद करून ध्वनिमुद्रणे केली, फळ्याऐवजी वहीच्या पानावर समीकरणे सोडवून दाखवली. या काळात निर्माण झालेली अध्यापन सामग्री थोडीथोडकी नव्हती. परंतु ती आज कोठे आहे असे विचारले तर बहुतेक ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळत नाही. काही व्याख्याने फोन बदलताना गेली. काही व्हॉट्सॲपच्या गटांत वाहून गेली. जी यूट्यूबवर आहेत त्यांतील कित्येकांचे शीर्षक ‘लेक्चर ४’ एवढेच आहे. विषय, वर्ग, अभ्यासक्रमाचे वर्ष, व्याख्यात्याचे नाव यांपैकी काहीच नोंदलेले नाही.

याउलट महाविद्यालयीन ग्रंथालयात साठ वर्षांपूर्वी पाच रुपयांना घेतलेल्या पुस्तकालाही दाखल क्रमांक असतो, वर्गांक असतो आणि ते कोणत्या फडताळावर असावे याची नोंद असते. मुद्रित साधनांच्या बाबतीत जी शिस्त गृहीत धरली जाते ती ध्वनी आणि चित्र यांच्या बाबतीत का नसावी, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परदेशातील काही विद्यापीठ ग्रंथालयांनी सुरू केलेल्या बहुमाध्यम निर्मिती सेवांकडे सामान्यतः यंत्रसामग्रीचा विषय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्या सेवांचा विचार दोन टोकांवरून केला आहे. पहिले टोक प्रवेशाचे : तांत्रिक ज्ञान नसलेल्या विद्यार्थ्याला निर्मिती करणे किती सोपे जाते? दुसरे टोक जतनाचे : तयार झालेल्या कृतीचे पुढे काय होते?

संकल्पना आणि पूर्वपीठिका

बहुमाध्यम निर्मिती सेवा म्हणजे ग्रंथालयाने विद्यार्थी व अध्यापकांना ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, संपादन आणि सादरीकरण यांसाठी जागा, उपकरणे, संगणकीय आज्ञावली आणि मार्गदर्शन पुरविणे होय. येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ग्रंथालय चित्रफीत तयार करून देत नाही. ती वाचकाने स्वतः तयार करावी अशी व्यवस्था करते. संदर्भग्रंथपाल ज्याप्रमाणे विद्यार्थ्याचा निबंध लिहून देत नाही, परंतु तो लिहिण्यासाठी कोठे आणि कसे शोधावे हे दाखवितो, त्याच जातीची ही सेवा आहे.

ग्रंथालयांत ध्वनिफिती, चित्रफिती आणि त्या ऐकण्या-पाहण्याचे कक्ष पूर्वीपासून होते. मात्र तेथे वाचक हा केवळ ग्राहक होता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात १९९२ मध्ये ‘इन्फर्मेशन आर्केड’ सुरू झाले, तेव्हा चित्र स्वच्छपणे बदलले. माहिती शोधण्याचे संगणक आणि बहुमाध्यम सामग्री तयार करण्याचे संगणक एकाच दालनात ठेवले गेले आणि त्याच दालनाला लागून अध्यापनकक्षही होता. वाचणे, शोधणे आणि रचणे या तीन क्रिया एका छताखाली आल्या. १९९४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लीव्ही ग्रंथालयात ‘इन्फर्मेशन कॉमन्स’ उभे राहिले आणि पुढील दशकात ही संकल्पना अनेक विद्यापीठांनी आपापल्या परीने स्वीकारली.

भारतात दृक्-श्राव्य निर्मितीचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. इन्सॅट उपग्रहामुळे देशव्यापी प्रक्षेपण शक्य झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उच्च शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या निर्मितीसाठी निवडक विद्यापीठांत माध्यम केंद्रे स्थापन झाली. पुणे विद्यापीठातील, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील, शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र हे त्यांपैकी एक होय. १९९३ मध्ये या केंद्रांच्या समन्वयासाठी दिल्लीत शैक्षणिक संप्रेषण संघ स्थापन झाला आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या मंचासाठीही या केंद्रांनी मोठ्या प्रमाणावर निर्मिती केली.

या केंद्रांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु त्यांची रचना दूरचित्रवाणीच्या धर्तीवरील आहे. तेथे निर्माता, कॅमेरामन, ध्वनितंत्रज्ञ आणि संपादक हे व्यावसायिक असतात. अध्यापक हा विषयतज्ज्ञ म्हणून येतो आणि विद्यार्थी हा प्रेक्षक असतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील आठवडी बाजारावर सात मिनिटांची ध्वनिफीत करायची ठरविली, तर अशा केंद्राचे दार त्याच्यासाठी नाही. ते असावे अशी अपेक्षाही योग्य नव्हे. त्याच्यासाठी दार असू शकते ते ग्रंथालयाचे. कारण ग्रंथालय हा विद्यापीठातील असा एकमेव विभाग आहे, जो कोणत्याही एका विषयाचा नसतो आणि ज्यात प्रवेश करण्यासाठी ओळखपत्रापलीकडे काही लागत नाही.

‘एका बटणाचा स्टुडिओ’ : पेन स्टेटचा प्रयोग

पहिल्या टोकाचा, म्हणजे सुलभ प्रवेशाचा, विचार करताना पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. या विद्यापीठाच्या ‘मीडिया कॉमन्स’ या उपक्रमाने २०१२ च्या सुमारास ‘वन बटन स्टुडिओ’ नावाचा कक्ष विकसित केला. युनिव्हर्सिटी पार्क या मुख्य परिसरातील पॅटी ग्रंथालयात तो विद्यार्थ्यांना उपलब्ध झाला.

पारंपरिक चित्रीकरण कक्षात नवख्या माणसाला अडविणाऱ्या गोष्टी अनेक असतात. दिवे कोठे व किती तीव्रतेचे ठेवावेत, कॅमेऱ्याचा केंद्रबिंदू कसा जुळवावा, ध्वनीची पातळी किती असावी, चित्रण कोणत्या स्वरूपात साठवावे आणि शेवटी ते कॅमेऱ्यातून संगणकावर कसे आणावे, यांपैकी प्रत्येक टप्प्यावर एक तरी चूक होते. दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी विद्यार्थ्याचे दोन तास जुळवाजुळवीत जातात आणि बहुतेक जण दुसऱ्यांदा येत नाहीत.

पेन स्टेटच्या कक्षात हे सर्व निर्णय आधीच घेऊन ठेवलेले होते. कॅमेरा, दिवे आणि ध्वनिग्राहक छताला व भिंतींना कायमचे बसविलेले. त्यांची मांडणी ठरलेली. जमिनीवर उभे राहण्याची जागा आखलेली. विद्यार्थी कक्षात येतो आणि आपला पेन ड्राइव्ह जोडतो. त्याबरोबर यंत्रणा जागी होते व दिवे लागतात. टेबलावर एकच बटण असते. ते दाबले की उलटी मोजणी होऊन मुद्रण सुरू होते. पुन्हा दाबले की थांबते. तयार चित्रण आपोआप पेन ड्राइव्हवर उतरते. पेन ड्राइव्ह काढून घेतला की दिवे मालवतात. मागे हिरवा पडदा हवा असल्यास तो ओढता येतो, सादरीकरणाची पाने दाखवायची असल्यास तीही दाखविता येतात. पण यांपैकी काहीही न करता केवळ बोलून निघून जाणेही शक्य असते.

या रचनेत तंत्रज्ञानापेक्षा विचार अधिक आहे. विद्यार्थ्याला मिळणारे स्वातंत्र्य येथे मुद्दाम कमी केले आहे. त्याला दिवे हलविता येत नाहीत, कॅमेऱ्याचा कोन बदलता येत नाही. चित्रपटनिर्मिती शिकणाऱ्याला हा कक्ष तोकडा वाटेल, आणि तसे वाटणे योग्यच आहे. तो त्याच्यासाठी नाही. भाषणाचा सराव करणारा, प्रयोगाचे निष्कर्ष मांडणारा, परक्या भाषेत संभाषण करून शिक्षकांकडे पाठविणारा विद्यार्थी हा त्याचा खरा वाचक होय. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील पाचवे सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे, नव्या सेवांच्या समर्थनार्थ वारंवार सांगितले जाते. पेन स्टेटच्या कक्षाला मात्र चौथे सूत्र अधिक लागू पडते : वाचकाचा वेळ वाचविण्याचे. ज्या कक्षात शिरल्यापासून काही क्षणांत मुद्रण सुरू होते, त्या कक्षाने ते सूत्र शब्दशः पाळले आहे.

पुढे या विद्यापीठाने आपली मांडणी आणि ती चालविणारी आज्ञावली इतरांसाठी मोफत खुली केली, आणि अन्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही असे कक्ष उभे राहिले. यंत्रसामग्री ज्याची त्याची वेगळी असली तरी ‘निर्णय आधी घेऊन ठेवणे’ हे तत्त्व कोठेही उचलता येण्यासारखे आहे.

उपकरणांची देवघेव आणि मनुष्यबळ

सर्वच निर्मिती कक्षाच्या चार भिंतींत होत नाही. म्हणून अशा सेवांचा दुसरा भाग उपकरणांच्या देवघेवीचा असतो. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे हंट ग्रंथालय २०१३ मध्ये सुरू झाले, तेव्हा यंत्रमानवाच्या साहाय्याने पुस्तके काढून देणाऱ्या त्याच्या ‘बुकबॉट’ची चर्चा अधिक झाली. त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयांत कॅमेरे, ध्वनिग्राहक, ट्रायपॉड इत्यादी वस्तू पुस्तकांप्रमाणेच ओळखपत्रावर नेता येतात, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी सांगितली जाते. वस्तुतः अनुकरणाला तीच अधिक सोपी आहे. देवघेव विभागाला मुदत, विलंबशुल्क, आरक्षण आणि परत आलेल्या वस्तूची तपासणी या गोष्टी नवीन नाहीत.

आपल्याकडील अडचण येथे वेगळी आहे. महाविद्यालयात कॅमेरा विकत घेतला की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते आणि तो कोणाच्या तरी नावावर चढतो. वस्तू हरवली किंवा बिघडली तर भरपाई त्या व्यक्तीकडून होणार, ही भीती असते. परिणामी ती लोखंडी कपाटात जाते आणि तपासणी समितीच्या भेटीच्या दिवशीच बाहेर येते. नॅकच्या २०१७ पासूनच्या सुधारित मूल्यांकन चौकटीत विद्यापीठांसाठी ई-आशय विकसनाच्या सुविधांचा स्वतंत्र घटक होता. माध्यम केंद्र, ध्वनिचित्रमुद्रणाची सोय, लेक्चर कॅप्चरिंग सिस्टिम, संपादनाच्या आज्ञावली यांचा त्यात उल्लेख असे. सुविधा आहे की नाही, हे तो विचारीत असे. ती वर्षभरात किती विद्यार्थ्यांच्या हातात गेली, हा प्रश्न संस्थेने स्वतःला विचारायचा असतो. पुस्तक झिजले तर ते वापरल्याचे लक्षण मानून आपण नोंदवहीतून ते रीतसर वगळतो. ध्वनिग्राहकाच्या बाबतीतही वापराने झालेली झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांत भेद करणारा नियम ग्रंथालय समितीने लेखी करून ठेवला, तर कपाटाचे कुलूप उघडण्यास मदत होईल.

मनुष्यबळाविषयी एवढेच सांगता येईल, की ध्वनितंत्रज्ञ नेमणे बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्यात नाही आणि त्याची गरजही प्रारंभी नसते. ‘कमवा व शिका’ योजनेतील दोन विद्यार्थ्यांना आठवडाभर शिकविले, तर ते कक्ष सांभाळू शकतात.

अध्यापकाची भूमिका

सेवा उभी राहिली तरी ती वापरली जाण्यासाठी वर्गातून मागणी यावी लागते. ‘अमुक विषयावर व्हिडिओ करून आणा’ एवढीच सूचना दिली तर विद्यार्थी आंतरजालावरील चित्रे, पार्श्वसंगीत आणि कोठून तरी उचललेला मजकूर जोडून आणतात. मग गुण विषयाला द्यावेत की सजावटीला, हे अध्यापकालाच उमगत नाही. म्हणून चित्रणापूर्वी लेखी संहिता घेणे इष्ट ठरते. मराठी सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात असे धरल्यास पाच मिनिटांच्या कृतीसाठी पाचशे-सहाशे शब्दांची संहिता लागते. ती संदर्भांसह तपासून परत दिल्यावर मगच कक्षाची वेळ नोंदवावी. या एका टप्प्यामुळे ग्रंथालयाचे जुने काम, म्हणजे संदर्भसेवा, आणि नवे काम, म्हणजे निर्मिती, एकमेकांना जोडले जाते. विद्यार्थी प्रथम फडताळाकडे जातो आणि नंतर कॅमेऱ्याकडे.

मूल्यमापनात चित्राच्या झगमगाटाला मोजकेच गुण असावेत. आवाजाची स्पष्टता मात्र त्यात धरू नये, ती किमान अट असावी. हलणारे चित्र प्रेक्षक सहन करतो. न ऐकू येणारे बोलणे तो सहन करीत नाही.

प्रताधिकार

निर्मिती म्हटली की प्रताधिकाराचा प्रश्न येतोच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनासंबंधी काही सवलती आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी केलेली पुनरावृत्ती उल्लंघन ठरत नाही; दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रती प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. तसेच शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यापुरत्याच मर्यादित श्रोत्यांसमोर झालेल्या सादरीकरणालाही संरक्षण आहे.

गफलत होते ती या मर्यादेच्या कडेवर. वर्गात दाखविलेली चित्रफीत यूट्यूबवर चढविली, की श्रोते मर्यादित राहत नाहीत आणि पार्श्वभूमीला लावलेले चित्रपटगीत अडचणीचे ठरते. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली उपलब्ध असलेले संगीत वापरणे, किंवा संगीत न वापरणे, हे दोन मार्ग निर्धोक आहेत. ज्यांचा आवाज किंवा चेहरा मुद्रित केला त्यांची लेखी संमती घेणे हा कायद्याइतकाच सभ्यतेचाही भाग आहे. क्षेत्रकार्यात मुलाखत देणाऱ्या शेतमजूर स्त्रीला आपले बोलणे कोठे ऐकविले जाणार आहे, हे तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

जतन आणि तालिकीकरण

दुसऱ्या टोकाचा विचार येथून सुरू होतो. छोट्या खासगी स्टुडिओत किंवा घरच्या संगणकावरही चांगली चित्रफीत तयार होऊ शकते. ग्रंथालयाला स्वतःचे असे जे काही देता येते ते निर्मितीनंतरचे आहे.

साठवणुकीच्या खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून थोडे गणित मांडणे उपयुक्त होईल. साध्या व्याख्यानाचे चित्रण सेकंदाला ८ मेगाबिट या दराने साठविले, तर मिनिटाला ६० मेगाबाइट आणि तासाला सुमारे ३.६ गिगाबाइट जागा लागते. अर्ध्या तासाची २०० व्याख्याने घेतली तरी ती ३६० गिगाबाइटांत मावतात. त्यांची दुसरी प्रत केली तरी एकूण जागा १ टेराबाइटच्या आतच राहते. जतनासाठीच्या ध्वनीला आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्-श्राव्य अभिलेखागार संघटनेने सुचविलेले किमान प्रमाण ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट असे आहे. त्या प्रमाणातील एकपदरी ध्वनिमुद्रणाला तासाला अर्ध्या गिगाबाइटहून किंचित अधिक जागा पुरते. दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवल्या की सामान्य अपघातांपासून संरक्षण होते.

तेव्हा अडचण जागेची नाही. अडचण वर्णनाची आहे. पुस्तक उघडले की मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, प्रकाशनवर्ष समोर येते. ते स्वतःची ओळख स्वतःबरोबर वागविते. ध्वनिफितीला मुखपृष्ठ नसते. ‘व्हीआयडी_००४७’ असे नाव असलेल्या फाइलमध्ये काय आहे हे पूर्ण पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दोनशे फाइली पूर्ण पाहण्यास कोणालाही सवड नसते. १९९५ मध्ये आकारास आलेल्या डब्लिन कोअर या नोंदपद्धतीत पंधरा घटक आहेत. महाविद्यालयाने त्यांतील सात-आठ जरी भरले, म्हणजे शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, कालावधी, हक्क आणि स्थळ, तरी फाइल शोधता येते. २००२ पासून मुक्तपणे उपलब्ध असलेली डीस्पेस ही आज्ञावली या कामासाठी वापरता येते. इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार तिच्यावरच उभे आहे, त्यामुळे विद्यापीठीय ग्रंथपालांना ती अपरिचित नाही.

नोंदीचे मोल किती असते याचे मराठीतील उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रकाशित करण्यास प्रारंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आढळतो. त्या नोंदी मूळ संकलनाच्या वेळीच झाल्या नसत्या तर काही दशकांनंतर त्या कोण करू शकले असते? ओव्या राहिल्या असत्या, पण त्या कोणाच्या हे उरले नसते. महाविद्यालयीन विद्यार्थी आज क्षेत्रकार्यात मुद्रित करीत असलेल्या मुलाखतींना हाच न्याय लागू होतो.

महाविद्यालयीन ग्रंथालयांपुढील वाट

आयोवा किंवा पेन स्टेट येथील साधनसंपत्ती ग्रामीण महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयाकडे नाही. परंतु वर वर्णिलेल्या दोन्ही टोकांना पैशापेक्षा निर्णय अधिक लागतो. ग्रंथालयाच्या मागील बाजूस, रस्त्यापासून दूर असलेली एक लहान खोली. आवाज घुमू नये म्हणून जाड पडदे आणि जमिनीवर सतरंजी. भिंतीला पक्का बसविलेला फोनचा धारक. दोन स्थिर दिवे. एक कॉलर माइक. उभे राहण्याच्या जागी रंगाने केलेली खूण. पुस्तकांनी भरलेली फडताळे आवाज चांगला शोषतात, हा ग्रंथालयाला मिळालेला आयता लाभ आहे. संपादनासाठी ऑडॅसिटी, केडेनलाइव्ह यांसारख्या मोफत आज्ञावली जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतात. दारावर मराठीत चार ओळींची सूचना असावी. पाचवी ओळ कोणी वाचीत नाही.

खोलीत एक नोंदवही ठेवावी आणि नोंद भरल्याखेरीज फाइल पेन ड्राइव्हवर देऊ नये. विद्यार्थ्याला प्रारंभी ही अडवणूक वाटेल. पुस्तक नेताना सही करण्याचीही कधी काळी अडवणूकच वाटली असावी. वर्षाअखेरीस ग्रंथपालाने नोंदवहीतील निवडक कृती, हक्क व संमती तपासून, दाखल क्रमांक देऊन संग्रहात घ्याव्यात; उरलेल्या वगळाव्यात, कारण सर्वच ठेवणे हा जतनाचा मार्ग नव्हे.

अशा नोंदवहीतील पहिल्या नोंदी २०२० आणि २०२१ मधील व्याख्यानांच्या असू शकतात. त्यांतील काही अध्यापक निवृत्त झाले आहेत, काहींचा अभ्यासक्रम बदलला आहे. परंतु ‘लेक्चर ४’ मध्ये कोणता घटक शिकविला होता, हे सांगू शकणारी माणसे अद्याप दूरध्वनीच्या अंतरावर आहेत.